जाऊबाईंच्या आजीचे पॅनकेक जाड का होतात?

प्रश्न : ताई, माझी मोठी जाऊ इंग्लिश आहे, यॉर्कशायरची. तिच्या आजीच्या हातची पॅनकेकची चिठ्ठी तिने मला फोटो काढून पाठवली. त्यात एवढंच आहे, मैदा ४ औंस, दूध अर्धा पिंट, अंडी २, चिमूटभर मीठ. मी नेटवर बघून अर्धा पिंट म्हणजे २३७ मिली धरलं, इथे इंग्लंडमध्ये दुकानात जे पीठ आधी दिसलं ते सेल्फ-रेझिंग आणलं आणि केले. जाऊबाईंकडचे रुमालासारखे घडी पडणारे पातळ असतात, माझे फुगून उशा झाल्या! आणि ती म्हणते मंगळवारीच करायचे, ते का?

उत्तर : अगं, चिठ्ठीत काहीच चूक नाहीये, तुला नेटने फसवलं. २३७ मिली हा अमेरिकन अर्धा पिंट, आणि आजी यॉर्कशायरची, तिचा अर्धा पिंट २८४ मिलीचा. म्हणजे जवळजवळ तीन मोठे चमचे दूध कमी पडलं, मग बॅटर ओतल्यावर पसरणार कसं. औंसाची भानगड नाही, ४ औंस म्हणजे ११३ ग्रॅम, वजनकाट्यावरच मोज, कपाने नको.

दुसरं म्हणजे पीठ. सेल्फ-रेझिंगमध्ये बेकिंग पावडर आधीच घातलेली असते, म्हणून उशा. पाकिटावर 'प्लेन फ्लार' लिहिलेलं आण, तोच आपला मैदा. आजीने नुसतं 'फ्लार' लिहिलं कारण तिच्या घरात सगळ्यांना माहीतच होतं कुठलं, घरच्या चिठ्ठ्या अशाच असतात, जे सगळ्यांना माहीत ते कोणी लिहीत नाही :)

आता करताना मैद्यात खळगा करून अंडी फोड, मध्यापासून ढवळत थोडं दूध घाल आणि आधी दाटच घोट, गुठळ्या तिथेच मोडतात, सगळं दूध एकदम ओतलंस तर त्या तरंगत राहतील आणि तू चिडशील. मग बाकीचं दूध. जास्त फेटत बसू नको, चिवट होतात. अर्धा तास झाकून ठेव, पीठ दूध पिऊन फुगतं. पळीतून ओतल्यावर पातळ क्रीमसारखी धार पडली पाहिजे.

पॅन चांगला तापू दे, बटर घालून कागदाने पुसून घे, नुसता ओशट राहू दे. बॅटर मध्यभागी ओतलं की लगेच पॅन उचलून गोल फिरव. कडा सुटून तपकिरी जाळी दिसली की उलट. हवेत उडवायचा हट्ट असेल तर आधी पॅन हलवून बघ, पॅनकेक सैल सरकतोय का, नाहीतर अर्धा पॅनला आणि अर्धा शेगडीवर. पहिला बिघडतोच, मी तो उभ्या उभ्या शेगडीपाशीच खाते आणि कोणाला सांगत नाही. मध्यम पॅनमध्ये आठेक होतील. वर साखर आणि लिंबू पिळ, चॉकलेट सॉस वगैरे आजीला अजिबात चालणार नाही असं मला वाटतं.

मंगळवारचं म्हणशील तर तो श्रोव्ह ट्यूजडे, ईस्टरच्या ४७ दिवस आधीचा, म्हणून तारीख दरवर्षी बदलते. दुसऱ्या दिवशी अॅश वेन्सडेपासून लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीचे ख्रिस्ती उपास लागायचे, त्याआधी घरातली अंडी, दूध, बटर संपवायची सोय. बकिंगहॅमशायरमधल्या ओल्नी गावात तर त्या दिवशी बायका एप्रन बांधून, डोक्याला रुमाल लावून, हातात पॅन घेऊन ४१५ यार्ड पळतात. १४४५ साली एक बाई पॅनकेक करता करता चर्चची घंटा ऐकून पॅन हातात घेऊनच पळत सुटली, तिथून हे सुरू झालं असं गावात सांगतात. एरवी कुठल्याही वारी कर, कोणी अडवत नाही.

आणि त्या उशा टाकू नकोस हं. छोट्या छोट्या केल्या असत्यास तर ते जवळपास स्कॉच पॅनकेकच झाले असते, ते सेल्फ-रेझिंगचेच करतात आणि जाडच असतात. टोस्टरमध्ये गरम कर, वर बटर आणि जॅम लाव.