लेवेनहूकची पत्रं वाचायला घेताय?

मग नुसत्या छापील उताऱ्यावर थांबू नका. सूक्ष्मदर्शकातून सूक्ष्मजीव पाहणाऱ्या, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या या कापडवाल्याला लॅटिन, म्हणजे तेव्हाची विद्वानांची भाषा, येत नव्हतं. १६७३ पासून १७२३ मध्ये वारेपर्यंत त्याने लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला डचमध्येच लिहिलं. मिऱ्याच्या पाण्यातल्या जिवांबद्दलचं ९ ऑक्टोबर १६७६ चं पत्र सोसायटीचा सचिव ओल्डेनबर्गने इंग्रजीत आणताना बरंच कापलं. त्यामुळे पूर्ण अनुवाद शोधा, जमलं तर मूळ डच शेजारी ठेवा.

आकाराचा उल्लेख आला की सावकाश व्हा. वाळूचा कण हे त्याचं आवडतं माप. कण जाड की बारीक, हेही टिपून ठेवा. नेमकं काय दिसलं असेल याचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो. चित्रं मात्र त्याच्या हातची नाहीत, त्यासाठी त्याने चित्रकार ठेवले होते.

आणि पत्रासोबत जे काही असेल ते मजकुराइतकंच मोलाचं माना. १९८१ मध्ये जीवशास्त्रज्ञ ब्रायन फोर्ड यांना सोसायटीच्या संग्रहात, १६७४ च्या पत्राला चिकटवलेल्या पुड्यांमध्ये बुचाचे पातळ काप मिळाले. खुद्द लेवेनहूकने कापलेले! म्हणून स्कॅन बघतानाही पानाची मागची बाजू, कडा, घड्या सोडू नका.