डांग्या खोकल्याची लस : त्रास झाला तर तो कोण लिहून घेते?

प्रश्न : माझ्या नातवाला दीड महिन्याचा असताना उपकेंद्रात पेंटाव्हॅलंट लस टोचली. रात्री ताप भरला, डाव्या मांडीवर लिंबाएवढी गाठ आली. परिचारिकाताई ‘असे होतेच’ म्हणाल्या. अशा त्रासाची नोंद कुठे होते का? लस एकदा मंजूर झाली की पुढे तिच्याकडे कोणी पाहते का?
– एक आजी, सातारा जिल्हा

उत्तर : ताईंचे म्हणणे खरे आहे, पण अपुरे आहे. पेंटाव्हॅलंट म्हणजे पाच आजारांवरची एकत्रित लस. तिच्यात डांग्या खोकल्याचे मारलेले पूर्ण जंतू असल्याने ताप, गाठ, किरकिर असा त्रास पुष्कळ बाळांना होतो आणि दोन-तीन दिवसांत ओसरतो. तीन तासांहून अधिक न थांबणारे रडणे, झटके येणे किंवा बाळ एकाएकी निपचित पडणे क्वचित घडते. तसे झाल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा.

मंजुरीपूर्वीच्या चाचण्यांत मुलांची संख्या मर्यादित असते, त्यामुळे लाखात एखाद्यालाच होणारा त्रास तिथे दिसेलच असे नाही. म्हणून आपल्याकडे आशाताई किंवा परिचारिकेने दिलेली माहिती वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जाते, गंभीर घटना चोवीस तासांत जिल्ह्याला कळवावी लागते, कुपीचा बॅच क्रमांक तपासला जातो आणि लसीचा खरोखर संबंध आहे का, हे तज्ज्ञांची समिती ठरवते.

हे ठरवणे सोपे नसते. १९७४ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी डांग्या खोकल्याच्या लसीनंतर मेंदूचे विकार दिसलेल्या ३६ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. लस न घेतलेल्या मुलांशी तुलना नव्हती, तरी धास्तीने ब्रिटनमधील लसीकरण सुमारे ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास घसरले आणि १९७७ ते १९७९ च्या साथीत एक लाखाहून अधिक रुग्ण नोंदले गेले. पुढे २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी, लसीमुळे मेंदूला इजा झाल्याचे मानल्या गेलेल्या १४ जणांची जनुके तपासली, तेव्हा ११ जणांत अपस्माराशी निगडित एकाच जनुकातला दोष आढळला; म्हणजे त्यांच्या आजाराचे मूळ लसीत नव्हे, त्या दोषात होते. त्या घरांनी ‘आपणच लस टोचून घेतली’ हे ओझे किती वर्षे वाहिले असेल, याची कल्पनाही करवत नाही.

यासाठीच ‘असे होतेच’ म्हणून विषय मिटवणे मला पटत नाही. किरकोळ त्रासही लिहिला गेला, तरच एखाद्या बॅचबाबत तक्रारी वाढल्याचे वेळीच ध्यानात येते. दहाव्या आठवड्याचा डोस मात्र चुकवू नका. जाताना लसीकरण कार्ड बरोबर न्या, ताप टोचल्यानंतर किती तासांनी आला आणि गाठ किती दिवस राहिली हे ताईंना सांगा, आणि ते नोंदवहीत लिहून घ्यायला लावा.