ग्रीन कार्डावरचं नाव आणि लग्नानंतरचं नाव
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

अमेरिकेत ग्रीन कार्डावर राहणाऱ्या आणि नुकतंच लग्न झालेल्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांची अडचण मुळात एकच आहे. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलायची एक रीत आहे आणि अमेरिकी फॉर्मचे रकाने त्या रीतीला धरून केलेले नाहीत.

प्रश्न : माझं लग्न जूनमध्ये न्यू जर्सीत झालं. ग्रीन कार्ड, सोशल सिक्युरिटी (नोकरी आणि टॅक्ससाठीचा सरकारी नंबर), भारतीय पासपोर्ट सगळं माहेरच्या नावावर आहे. लग्न झालं म्हणजे ग्रीन कार्ड बदलणं सक्तीचं आहे का? नाव बदलायचं ठरवलं तर सुरुवात कुठून करू?

सक्ती नाही. लग्न झालं म्हणून तुमचं नाव आपोआप बदलत नाही. तुम्ही ते वापरायला घेतलं आणि कागदोपत्री करून घेतलं, तरच ते बदलतं. माहेरच्या नावावर राहून ग्रीन कार्ड, नोकरी, टॅक्स, पुढे नागरिकत्व हे सगळं व्यवस्थित होतं. घरच्यांच्या आग्रहापोटी घाईनं फॉर्म भरू नका. हे नाव तुम्हाला आयुष्यभर लिहायचं आहे.

बदलायचंच असेल, तर पहिला कागद म्हणजे लग्नाचा दाखला, तोही प्रमाणित. समारंभात हातात मिळतो तो शोभेचा कागद यासाठी चालत नाही. दाखला देणाऱ्या कार्यालयाकडून शिक्क्याच्या तीन-चार प्रमाणित प्रती एकदमच घ्या. एक प्रत टपालात अडकली तरी बाकीची कामं थांबत नाहीत.

मग ग्रीन कार्ड. त्यासाठी यूएससीआयएसचा, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन खात्याचा, आय-९० हा अर्ज. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरानं ऑनलाइन अर्जाला ४१५ डॉलर आणि कागदी अर्जाला ४६५ डॉलर लागतात, बायोमेट्रिक्सचा (बोटांचे ठसे, फोटो) खर्च त्यातच आला. पैसे भरायच्या दिवशी दर पुन्हा पाहून घ्या. अर्जात आधी तुमचं आत्ताचं, म्हणजे नवं कायदेशीर नाव विचारतात. त्याखाली प्रश्न असतो : कार्ड मिळाल्यानंतर नाव कायदेशीररीत्या बदललं आहे का? ‘हो’ म्हटलं की पुढच्या रकान्यात जुन्या कार्डावर छापलेलं नाव जसंच्या तसं लिहायचं. बऱ्याच जणींची चूक इथे होते. त्या दोन्हीकडे नवंच नाव लिहितात किंवा जुनं नाव ‘सुधारून’ लिहितात. कार्डावर स्पेलिंग चुकीचं छापलेलं असलं, तरी या रकान्यात ते चुकीसकटच लिहायचं.

सोबत कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत आणि लग्नाचा दाखला. मूळ कार्ड पाठवायचं नाही. मूळ कार्ड मागतात ते सरकारच्याच चुकीमुळे त्यावर काही चुकीचं छापलं गेलं असेल तेव्हा. तुमचं प्रकरण ते नाही. पावती येईल, कदाचित बायोमेट्रिक्सची तारीख येईल. तेव्हा जुनं कार्ड आणि बोलावण्याचं पत्र घेऊन जायचं.

या काळात घर बदललं, तर दहा दिवसांच्या आत यूएससीआयएसला एआर-११ या फॉर्मनं नवा पत्ता कळवा. पोस्ट ऑफिसला कळवून भागत नाही. ग्रीन कार्ड असलेला लिफाफा नव्या पत्त्यावर न जाता परत जाऊ शकतो आणि मग नव्यानं धावपळ सुरू होते.

नवं कार्ड हातात आलं की सोशल सिक्युरिटी. फॉर्म एसएस-५, फी नाही. कागद मूळ लागतात किंवा ते देणाऱ्या कार्यालयानं प्रमाणित केलेले. नोटरी केलेली झेरॉक्स चालत नाही. नंबर तोच राहतो, कार्डावरचं नाव बदलतं. ग्रीन कार्ड आधी आणि हे नंतर, असा क्रम सुचवण्याचं कारण आहे. नागरिक नसलेल्यांचे कागद हे कार्यालय इमिग्रेशनच्या नोंदींशी ताडून बघतं. दोन्हीकडे नाव एकच दिसलं की खिडकीवरचं काम लवकर उरकतं. त्यानंतर दोनेक दिवस जाऊ द्या आणि मग ड्रायव्हिंग लायसन्सला जा. शेवटी बँक, नोकरी, विमा.

लायसन्सच्या कार्यालयात एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका. तिथल्या फॉर्मवर किंवा पडद्यावर ‘मतदार म्हणून नोंदणी करायची का?’ असा प्रश्न येतो. ग्रीन कार्डधारकाचं उत्तर ‘नाही’ हेच. घाईत ‘हो’ झालं आणि नागरिक असल्याच्या ओळीखाली सही झाली, तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात त्याचा जाब द्यावा लागतो आणि प्रकरण देशाबाहेर काढण्यापर्यंतही जाऊ शकतं. प्रत्येक ओळ वाचून मगच सही करा.

प्रश्न : आमच्याकडे लग्नानंतर वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं. ग्रीन कार्डावर माझं मधलं नाव वडिलांचं आहे. लग्नाच्या दाखल्यावर ते बदलून मिळेल का? आम्ही कॅलिफोर्नियात कोर्ट मॅरेज करणार आहोत.

लग्नाआधी विचारलंत हे फार चांगलं झालं. इथे बऱ्याच मराठी मुली अडकतात.

एक नाव घेऊन बघू. समजा, मीनल सुधाकर जोशी. लग्नानंतर मराठी रीतीनं ती होते मीनल अमोल कुलकर्णी. आपल्याला हा एकच बदल वाटतो. अमेरिकी कायद्याच्या नजरेनं हे दोन बदल आहेत : आडनाव बदललं आणि मधलं नावही बदललं. आडनावाचा बदल लग्नाच्या कागदावर होतो. मधल्या नावाचं तसं सरसकट नाही, प्रत्येक राज्याचा नियम वेगळा.

कॅलिफोर्नियात मॅरेज लायसन्सच्या, म्हणजे लग्नाआधी काउंटी क्लर्ककडून घ्यायच्या परवान्याच्या, अर्जावरच लग्नानंतरचं नाव लिहायला जागा असते. मधलं नावही तिथे बदलता येतं, पण ठरलेल्या पर्यायांतूनच. दोघांपैकी कुणाचंही सध्याचं किंवा जन्माचं आडनाव मधलं नाव म्हणून घेता येतं, किंवा सध्याचं मधलं नाव अशा आडनावाला जोडून लिहिता येतं. म्हणजे मीनल जोशी कुलकर्णी होता येईल, मीनल सुधाकर-जोशी कुलकर्णीही होता येईल. नवऱ्याचं पहिलं नाव मात्र या यादीत बसत नाही. मीनल अमोल कुलकर्णी व्हायचं, तर वेगळी कोर्टाची ऑर्डर लागते : एनसी-१०० अर्ज, ४३५ डॉलरच्या आसपास कोर्ट फी, वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा अशी चार आठवडे जाहिरात, मग तारीख.

मॅरेज लायसन्स दिल्यानंतर त्यावरचं नवं नाव बदलून मिळत नाही. ‘आत्ता रिकामं सोडू, नंतर बघू’ असं केलं, तर नंतरचा रस्ता कोर्टातूनच जातो. म्हणून क्लर्कच्या खिडकीवर जाण्याआधी पूर्ण नाव, मोठ्या अक्षरांत, स्पेलिंगसह कागदावर लिहून दोघांनी वाचा.

आता भारतीय पासपोर्टची बाजू. त्यात मधल्या नावाचा वेगळा रकानाच नाही. एक रकाना आडनावाचा आणि एक दिलेल्या नावाचा. ‘मीनल सुधाकर’ हे दोन्ही शब्द मिळून तिथे दिलेलं नाव होतात. ग्रीन कार्डावरही दिलेल्या नावाच्या ओळीत हे दोन शब्द एकत्र छापलेले दिसतात. भारतीय कचेरीला लग्नानंतर ‘मीनल अमोल’ होणं ओळखीचं आहे, तिथे सहसा कुणी अडवत नाही. त्यामुळे पासपोर्टवर ‘मीनल अमोल कुलकर्णी’ होतं, अमेरिकेत मात्र दाखल्याच्या जोरावर ‘मीनल सुधाकर कुलकर्णी’ एवढंच मिळतं. मग पुढची कित्येक वर्षं विमानतळावर, बँकेत, घराच्या कर्जाच्या वेळी दोन नावांची उठाठेव चालू राहते.

आमचा स्पष्ट सल्ला असा : नवऱ्याचं नाव मध्ये घेण्याची तुमची स्वतःची मनापासून इच्छा नसेल, तर फक्त आडनाव बदला. वडिलांचं नाव जिथे आहे तिथेच राहू द्या. पासपोर्टच्या अर्जातही दिलेल्या नावाचा रकाना जसाच्या तसा ठेवा. सगळ्या कागदांवर एकाच जागी एकच शब्द बदलतो आणि तो का बदलला हे एका दाखल्यानं सिद्ध होतं. आपल्या रीतीत हे बसत नाही असं कुणी म्हणेल. पण वडिलांचं नाव सोबत राहणं यात कमीपणा काहीच नाही.

सासरी पहिलं नावही बदलायची पद्धत असेल, तर ते घरात, देवाजवळ, तांदळात लिहिण्यापुरतं ठेवा. लग्नाच्या दाखल्यावर पहिलं नाव बदलून मिळत नाही, त्याला कोर्टाची ऑर्डरच लागते.

प्रश्न : आमचं लग्न पुण्यात झालं. नोंदणीचा दाखला आहे, पण मजकूर मराठीत आहे. त्यावर माझं नवं नाव कुठेच नाही. तो आय-९० ला चालेल का?

महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी १९९८ च्या कायद्याखाली होते आणि तो दाखला ग्राह्य आहे. भटजींचं पत्र किंवा हॉलची पावती मात्र नाही. मराठी मजकुराचं पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. शिक्के आणि समासातल्या नोंदीसुद्धा त्यात आल्या पाहिजेत. भाषांतर करणाऱ्यानं ‘हे पूर्ण आणि अचूक आहे आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर करण्यास मी सक्षम आहे’ असं लिहून, नाव, सही, पत्ता, तारीख द्यायची. नोटरी लागत नाही, भाषांतरकार व्यावसायिक असण्याचीही अट नाही. तुम्ही स्वतः किंवा नवऱ्यानं न करता दोन्ही भाषा येणाऱ्या मित्राकडून करून घेतलं तर बरं.

दाखल्यावर नवं नाव नसतं, दोघांची लग्नाआधीची नावं असतात. नवऱ्याचं आडनाव त्यात स्पष्ट दिसतं, म्हणून फक्त आडनाव घेताना दुवा जुळतो. मधलं नावही बदललंत, तर अधिक पुरावा मागणारं पत्र येण्याची शक्यता वाढते. दाखल्यावर नवऱ्याच्या आडनावाचं स्पेलिंग त्याच्या पासपोर्टपेक्षा वेगळं असेल, उदाहरणार्थ एकीकडे शेवटी ‘आय’ आणि दुसरीकडे ‘ईई’, तर आधी दाखला दुरुस्त करून घ्या. ही तफावत पुढे प्रत्येक कागदावर उतरत जाते.

प्रश्न : डिसेंबरमध्ये भारतात जायचं आहे. पासपोर्ट नव्या नावावर आला आहे, ग्रीन कार्ड जुन्याच नावावर आहे. परत येताना अडवतील का?

तिकीट पासपोर्टवरच्या नावानं काढा, अक्षर न अक्षर तेच. सोबत ग्रीन कार्ड आणि लग्नाचा प्रमाणित दाखला हातातल्या बॅगेत ठेवा. सामानात टाकू नका, कारण विमान कंपनीच्या काउंटरवरच तो पहिल्यांदा मागतील. दोन नावांमधला दुवा दाखवणारा कागद असेल, तर जुन्या नावाचं ग्रीन कार्ड प्रवासाला चालतं. जुना, रद्द केलेला पासपोर्टही बरोबर असू द्या.

पासपोर्ट नाव बदलायला अजून दिलेला नसेल अशा वाचकांना सांगणं : प्रवास दोन-तीन महिन्यांवर आला असेल, तर काहीच बदलू नका. सगळं जुन्या नावावर ठेवून जाऊन या. भारतीय पासपोर्टवर नाव बदलायचं म्हणजे नवा पासपोर्ट, नवा क्रमांक, आणि तेवढे आठवडे जुना तुमच्या हातात नसतो.

प्रश्न : सव्वा वर्षात मी नागरिकत्वाचा अर्ज करू शकेन. आत्ता आय-९० वर पैसे घालू का?

आमच्या मते थांबा. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जाची फी ऑनलाइन ७१०, कागदी ७६० डॉलर आहे आणि नावाचं काम त्यातच होतं. लग्नाच्या दाखल्यानं आडनाव बदललं असेल, तर तो जोडून अर्ज नव्या नावानं करता येतो आणि प्रमाणपत्र त्याच नावानं मिळतं. मधलं किंवा पहिलं नाव बदलायचं असेल, तरी अर्जात तशी मागणी करायची सोय आहे आणि त्याला वेगळी फी पडत नाही. अट एवढीच की शपथविधी न्यायाधीशासमोर व्हायला हवा. यूएससीआयएसच्या स्वतःच्या शपथविधीत अशी मागणी मंजूर होत नाही. मुलाखतीच्या वेळी ‘मला कोर्टातला शपथविधी हवा’ असं सांगा, तारीख थोडी लांबली तरी. ग्रीन कार्डाला पाच वर्षं पुरी व्हायच्या आधी ९० दिवस अर्ज करता येतो. पती तीन वर्षांपासून नागरिक असेल आणि लग्नानंतर तुम्ही तीन वर्षं एकत्र राहत असाल, तर पाचऐवजी तीन वर्षं. वापरलेली सगळी नावं अर्जात लिहा, माहेरचंही.

दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड असलेल्यांनीही आय-९० ची घाई करू नये. कार्ड संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा कार्डावरची अट काढण्याचा अर्ज करायचाच असतो, त्यात नवं नाव आणि दाखला द्यावा.

प्रश्न : टॅक्स रिटर्न कोणत्या नावानं भरू?

भरायच्या दिवशी सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत जे आहे त्या नावानं. नाव आणि नंबर जुळले नाहीत, तर ऑनलाइन रिटर्न परत येतं किंवा परतावा अडकतो.

प्रश्न : घटस्फोट होत आहे. माहेरचं नाव परत घेता येईल?

येतं. हुकूमनामा होण्याआधीच वकिलाला सांगून पूर्वीचं नाव परत घेण्याचा उल्लेख त्यात घालून घ्या. तो हुकूमनामाच आय-९० चा पुरावा होतो. उल्लेख राहून गेला, तर वेगळा अर्ज करावा लागतो.

प्रश्न : भारतातल्या कागदांचं काय? पॅन, एनआरओ खातं (परदेशस्थ भारतीयांचं भारतातलं बँक खातं), आणि गावाकडची जमीन.

पॅनमध्ये नाव बदलून घ्या, लग्नाचा दाखला पुरतो. कार्डावर वडिलांचं नाव असतं ते लग्नानंतरही तसंच राहतं. बँक नवा पासपोर्ट आणि दाखला मागेल. लग्न अमेरिकेत झालं असेल, तर दाखल्यावर ज्या राज्यात लग्न झालं त्या राज्याचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावलेलं सरकारी प्रमाणपत्र, घ्या. भारतात ते २००५ पासून मान्य आहे. पदवी आणि गुणपत्रिका बदलायच्या भानगडीत पडू नका, त्यांना दाखला जोडला की झालं.

जमिनीकडे मात्र नीट लक्ष द्या. वारस नोंदीत मुलगी म्हणून तुमचं नाव माहेरच्या नावानं सातबाऱ्यावर चढलं असेल, तर पुढे विक्री किंवा वाटणीच्या वेळी ‘ही बाई तीच कशावरून?’ असा प्रश्न तलाठ्यापासून निबंधकापर्यंत सगळे विचारतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र भारतीय वकिलातीसमोर करून ठेवा. त्यात दोन्ही नावं, दोन्ही पासपोर्टांचे क्रमांक आणि लग्नाची तारीख लिहा, आणि एक मूळ प्रत माहेरी सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर ठेवायला पाठवा.