मुलगी नववीत जाणार आणि नांदेडहून पिंपरी-चिंचवडला बदली झालीय, शाळा कशी निवडावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी नांदेडला सेमी-इंग्रजीला आठवीत आहे, मिस्टरांची मे महिन्यात वाकडच्या बाजूला बदली होतेय आणि सगळे नातेवाईक म्हणतायत पुण्याला चाललाच आहात तर सीबीएसईला टाका. माझं मत विचाराल तर नववीत बोर्ड बदलू नका. आम्ही सोलापूरहून इकडे आलो तेव्हा आमचा मुलगा पण नववीतच जाणार होता, आणि माझी बहीण एका अनुदानित शाळेत शिकवते, त्यामुळे पालकांचं आणि स्टाफरूममधलं दोन्हीकडचं ऐकून लिहितेय.

बोर्ड का नको, तर सीबीएसईचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, तुम्ही येणार मे मध्ये, म्हणजे पोरगी जूनमध्ये वर्गात बसेल तेव्हा पहिले धडे होऊन गेलेले असणार. दुसरं म्हणजे सेमीच्या मुलांचं गणित-विज्ञान इंग्रजीत झालेलं असतं, ते निभतं, पण इतिहास-भूगोल आजवर मराठीत वाचलेला असतो आणि तिथे अचानक पानंच्या पानं इंग्रजीत लिहायची म्हटलं की भलीभली हुशार मुलं गप्प होतात. गणितात नाही, इतिहासात अडकतात, हे कोणी सांगत नाही. शिवाय सीबीएसई दहावीचं रजिस्ट्रेशन नववीतच करून घेतं, मग नाही जमलं तर दहावीच्या तोंडावर परत फिरायचं म्हणजे पुन्हा सगळी नवीन पुस्तकं. आणि इंजिनियरिंगचं म्हणत असाल तर त्याची राज्याची प्रवेश परीक्षा, एमएचटी-सीईटी, स्टेट बोर्डाच्या अकरावी-बारावीवरच असते, २० टक्के अकरावी आणि ८० टक्के बारावी, त्यासाठी आत्तापासून घाई कशाला.

आता शाळा कशी ओळखायची. इकडे दहावीचा निकाल लागला की प्रत्येक चौकात १०० टक्के निकालाचे फ्लेक्स लागतात, फोटोंसकट. त्या फ्लेक्सवर अजिबात जाऊ नका. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, नववीत मात्र नापास करता येतं, आणि काही शाळा तिथेच चाळणी लावतात. कच्चं मूल दिसलं की पालकांना बोलावतात, दाखला घेऊन जा म्हणतात, नाहीतर १७ नंबर फॉर्म भरून बाहेरून दहावी द्या असं सुचवतात, मग उरलेल्यांचा निकाल शंभर लागणारच की. म्हणून ऑफिसमध्ये एकच प्रश्न विचारा, गेल्या वर्षी नववीत किती मुलं होती आणि त्यातली यंदा दहावीला किती बसली. दोनचार मुलांचा फरक सगळीकडे असतो, लोक गावं बदलतात, पण वर्गातली पाव मुलं गायब असतील तर समजून जा. उत्तर द्यायला टाळाटाळ केली तरी उत्तर मिळालंच. आणि ऑफिसपेक्षा खरी माहिती शाळा सुटताना गेटवर मिळते, तिथे आलेल्या आया आणि व्हॅनवाले काका, यांना कुठल्या वर्गाला वर्षभर गणिताला सर नव्हते इथपर्यंत सगळं माहीत असतं.

प्रवेशाचं म्हणाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात मुलाची परीक्षा घेऊन प्रवेश देता येत नाही, दाखला यायला उशीर झाला म्हणून नाकारताही येत नाही, पण ते सगळं आठवीपर्यंत. नववीला शाळा चाचणी घेऊ शकते, जागा नाही म्हणू शकते. त्यामुळे मे ची वाट बघू नका, मार्चमध्येच मिस्टर किंवा तुम्ही एक चक्कर मारून दोनतीन शाळांत बोलून ठेवा.

दाखला मात्र नवीन शाळेने प्रवेश देतो असं लेखी दिल्याशिवाय काढू नका. आणि काढलात की तिथेच उभं राहून वाचा, नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जातीची नोंद. क्लार्कने वेलांटी चुकवली तर आज हसू येतं, पण दहावीच्या सर्टिफिकेटवर तेच उतरतं आणि पुढे जात पडताळणीला हेलपाटे तुम्हालाच घालायचेत. यू-डायसवरची, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी पोर्टलवरची, ऑनलाइन नोंद पण जुन्या शाळेकडून नवीन शाळेकडे जावी लागते, ते झालं का हे जून-जुलैत दोन्हीकडे फोन करून विचारा, कारण कागद मिळाला की काम झालं असं आपण धरून चालतो.

विषय पण विचारून घ्या. तिला आत्ता पूर्ण हिंदी असेल आणि नवीन शाळेत फक्त पूर्ण संस्कृत असेल तर आठवीचं सगळं संस्कृत उन्हाळ्यात करावं लागेल. काही ठिकाणी हिंदी-संस्कृत संयुक्त ५०-५० असतं. आणि सेमीची तुकडी नववीला खरंच आहे का तेही बघा, ती भरलेली असेल तर मुलीला पूर्ण मराठीच्या तुकडीत टाकतील. पुस्तकांची काळजी नको, बालभारतीची पुस्तकं सगळीकडे तीच आणि ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळतात.

घर आधी की शाळा, तर शाळा आधी. भाड्याचा करार ११ महिन्यांचा असतो, घर बदलता येतं. पुण्यातल्या पेठेतल्या नावाजलेल्या जुन्या शाळांच्या मोहात पडू नका, वाकडहून रोज तिकडे म्हणजे पोरीचं अख्खं आयुष्य ट्रॅफिकमध्ये, आणि नववीला सायकलने जाता येईल अशी साधी शाळा मला केव्हाही बरी वाटते. त्यातल्या त्यात शाळेच्या आवारातच ज्युनियर कॉलेज असेल तर उत्तम, कारण अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात तिथल्या मुलांना १० टक्के इन-हाऊस कोटा असतो.

डोनेशनचं कोणी तोंडी बोललं तर पावती मागा, बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

आणि हो, मुलगी आठवीत एनएमएमएसला, म्हणजे केंद्र सरकारच्या स्कॉलरशिप परीक्षेला, बसली आहे का? बसली असेल आणि नंबर लागला तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण ती सरकारी, अनुदानित किंवा महापालिकेच्या शाळेत असेल तरच. विनाअनुदानित शाळेत नाव घातलं की ती स्कॉलरशिप गेली. त्यामुळे शाळा अनुदानित आहे का, आणि अनुदान सगळ्या तुकड्यांना आहे की काहींनाच, हे फॉर्म भरायच्या आधी विचारा, एकाच शाळेत एक तुकडी अनुदानित आणि शेजारची विनाअनुदानित असंही असतं.