वाचकांचे प्रश्न : मॉडेलमधला स्वतःचा पाइल, स्वतःची बेसप्लेट

या वेळची पत्रं बहुतेक एकाच अडचणीची आहेत. तयार लायब्ररीत हवा तो भाग मिळत नाही, आणि स्वतः केलेला भाग माप बदललं की मोडतो. रेव्हिट आणि टेकला ही बांधकामाचं 3डी मॉडेल करायची सॉफ्टवेअर. मापं बदलता येणाऱ्या अशा भागाला रेव्हिटमध्ये 'फॅमिली' म्हणतात, टेकलात 'कस्टम कॉम्पोनंट', आणि बदलत्या मापाला 'पॅरामीटर'. जिथे गुंता जास्त आहे तिथे उत्तर सविस्तर दिलं आहे.

प्रश्न : आमच्या भागात काळ्या मातीत अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत उतरवलेला, तळाजवळ फुगीर बल्ब असलेला काँक्रीटचा खांब) घालतात. रेव्हिटच्या लायब्ररीत सरळ गोल पाइलच मिळाला. त्यावरून काढलेल्या काँक्रीटपेक्षा साइटवर नेहमी जास्त लागतं. म्हणून बल्बवाली फॅमिली केली, पण लांबी बदलली की 'कन्स्ट्रेंट्स आर नॉट सॅटिस्फाइड' असा संदेश येतो. त्यात सळईही बसत नाही. (कन्सल्टिंग ऑफिस, नांदेड)

आधी काँक्रीटचा फरक पाहू. दांडा 300 मिमी, लांबी 4 मीटर आणि 750 मिमीचा एक बल्ब धरा. सरळ पाइलला 0.283 घनमीटर काँक्रीट लागतं. बल्बच्या दोन्ही उतरत्या बाजू 45 अंशांच्या घेतल्या तर बल्बची उंची 450 मिमी येते आणि त्याचं जादा काँक्रीट सुमारे 0.072 घनमीटर होतं. शंभर पाइलचे झाले सात घनमीटरांहून अधिक, म्हणजे जवळपास एक ट्रान्झिट मिक्सर. तेव्हा बल्ब मॉडेलमध्ये हवाच.

आता संदेशाचं. बल्बची जागा वरून आणि खालून, दोन्हीकडून बांधली गेली की हाच संदेश येतो. लांबी वाढली की एक माप बल्बला खाली ओढतं आणि दुसरं वर धरून ठेवतं. बल्ब फक्त पाइलच्या टोकापासून बांधा, कारण साइटवरही भोकाच्या तळाशी बकेटची (कापलेली माती गोळा करणाऱ्या भांड्याची) जागा सोडून मगच रीमिंग, म्हणजे बल्बसाठी भोक रुंद करणं, होतं.

मेट्रिक स्ट्रक्चरल फाउंडेशन टेम्प्लेट उघडा आणि फ्रंट एलिव्हेशनमध्ये काम करा. पाइलचा माथा रेफरन्स लेव्हलवर ठेवा. त्याखाली चार आडवी रेफरन्स प्लेन (आकार ज्यांना बांधायचा त्या आधाररेषा) काढा : बल्बचा वरचा काठ, बल्बचा मध्य, बल्बचा खालचा काठ आणि पाइलचं टोक. उभी तीन : केंद्र, दांड्याची कड, बल्बची कड. माथा ते टोक ही लांबी 'एल', आणि हे पॅरामीटर इन्स्टन्स, म्हणजे प्रत्येक पाइलला वेगळं देता येणारं, ठेवा. एकाच प्लॉटवर मुरूम एका कोपऱ्यात तीन मीटरवर तर दुसऱ्यात पाचवर लागतो. टाइप पॅरामीटर ठेवलात तर दर लांबीला नवा टाइप करत बसावं लागेल. टोक ते बल्बचा खालचा काठ हे अंतर दांड्याच्या व्यासाच्या 0.55 पट, म्हणजे 300 च्या पाइलला 165 मिमी. बल्बचा व्यास दांड्याच्या अडीच पट. बल्बची अर्धी उंची म्हणजे दोन त्रिज्यांमधला फरक, इथे 225 मिमी. मध्याच्या वर आणि खाली दोन्ही अंतरांना हेच एक लेबल द्या.

इथे थांबा आणि आधी नुसता सांगाडा हलवून पाहा. फॅमिली टाइप्समध्ये लांबी 3500 वरून 6000 करा, व्यास 250 वरून 400 करा. प्लेन बरोबर सरकली तरच पुढे जा. आकार काढून झाल्यावर चूक शोधणं फार जिकिरीचं असतं. आमच्याकडे आलेल्या निम्म्या तक्रारी ही एक पायरी गाळल्यामुळेच आहेत.

मग रिव्हॉल्व्ह (बाह्यरेषा अक्षाभोवती फिरवून आकार करणारं साधन) घ्या. अक्ष केंद्राच्या प्लेनवर ठेवा आणि अर्धी बाह्यरेषा काढा. तिरप्या रेषा थेट लॉक होत नाहीत, त्यांची टोकं लॉक करावी लागतात. अलाइन चालू करून आधी प्लेन निवडा, नंतर टॅब दाबत रेषेचं टोक निवडा आणि कुलूप लावा. बल्बचं बाहेरचं टोक दोन प्लेनना बांधायचं असतं, आडव्या मध्याला आणि उभ्या कडेला. यातलं एक राहिलं तर व्यास बदलल्यावर बल्बचा आकार बिघडतो.

सळईसाठी फॅमिली कॅटेगरी अँड पॅरामीटर्समध्ये 'मटेरियल फॉर मॉडेल बिहेवियर' काँक्रीट करा. नुसतं मटेरियल काँक्रीटचं दिल्याने भागणार नाही, ते फक्त दिसण्यापुरतं आणि प्रमाणापुरतं असतं. प्रोजेक्टमध्ये पाइल निवडल्यावर प्रॉपर्टीजमध्ये रीबार कव्हरची (सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीची) ओळ आली की काम झालं. हाच पाइल पाइल कॅपच्या (पाइलांच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या ठोकळ्याच्या) फॅमिलीत नेस्ट करणार, म्हणजे आत बसवणार, असाल तर आधी 'शेअर्ड'वर खूण करा. नाहीतर शेड्यूलमध्ये कॅप मोजली जाते, पाइल गायब होतात.

मापं ठरवताना आयएस 2911 या पाइलच्या भारतीय मानकाचा भाग 3 जवळ ठेवा. प्रसरणशील मातीच्या खोल थरांत पाइलची लांबी किमान 3.5 मीटर आणि सर्वांत वरचा बल्ब जमिनीखाली किमान 2.75 मीटर असावा. आपल्या उदाहरणात लांबी 3500 केली आणि माथा जमिनीच्या पातळीला धरला तर बल्बचा मध्य 3110 मिमी खोल येतो, म्हणजे चालतं. दोन बल्ब असतील तर त्यांच्यातलं अंतर बल्बच्या व्यासाच्या सव्वा ते दीड पट ठेवा आणि त्याची फॅमिली वेगळीच करा. एका फॅमिलीत दिसणं-लपणं करून दोन्ही बसवू नका, प्रमाण तपासताना गोंधळ होतो. आणि प्लिंथ बीमचा तळ मॉडेलमध्येही जमिनीपासून किमान 80 मिमी वर ठेवा. पावसाळ्यात माती फुगून बीम उचलू नये म्हणून ही पोकळी असते. मॉडेलमध्ये ती नसली तर ड्रॉइंगमध्येही येत नाही.

प्रश्न : टेकलात आयएसएमबी 300 च्या (300 मिमी खोलीच्या आय-आकाराच्या स्टील सेक्शनच्या) कॉलमवर गसेटवाली (आधाराच्या उभ्या पट्ट्यांची) बेसप्लेट मॉडेल केली आणि कस्टम कॉम्पोनंट म्हणून साठवली. 500 मिमी खोलीच्या वेल्डेड कॉलमला लावली तर गसेट जुन्या जागीच राहतात, कॉलम प्लेटच्या जाडीत घुसतो. (डिटेलर, वाळूज)

यात दोन वेगळे दोष आहेत.

कॉलम प्लेटमध्ये घुसतो, कारण घटक निवडताना फिटिंग सुटलं. कॉलमचं टोक प्लेटच्या जाडीइतकं मागे घेणारं ते फिटिंग हाही कॉम्पोनंटचा भाग आहे. पुन्हा व्याख्या करताना प्रकार 'डिटेल' घ्या, कारण हा जोड एकाच पार्टच्या टोकाला बसतो. घटकांत प्लेट, गसेट, बोल्ट, वेल्ड आणि फिटिंग निवडा. कॉलम घटकांत घेऊ नका, तो फक्त मेन पार्ट म्हणून दाखवा. शेवटी रेफरन्स पॉइंट कॉलमच्या तळाला.

गसेट जुन्या जागी राहतात, कारण ते कॉलमला बांधलेलेच नाहीत. कस्टम कॉम्पोनंट एडिटरमध्ये गसेटची हँडल निवडा, राइट क्लिक करून 'बाइंड टू प्लेन' घ्या. फ्लँजच्या (आय-आकाराच्या दोन टोकांच्या पट्टीच्या) बाहेरच्या बाजूला टेकणाऱ्या कडा कॉलमच्या बाउंड्री (सर्वांत बाहेरच्या) प्लेनला बांधा, वेबच्या (मधल्या पट्टीच्या) रेषेत असलेल्या सेंटर प्लेनला. आउटलाइन (सेक्शनच्या बाह्यरेषेच्या) प्लेनचा मोह होतो, कारण त्यात फ्लँजची आतली बाजूही मिळते. पण रोल्ड सेक्शनऐवजी वेल्डेड सेक्शन आला की बाह्यरेषेतल्या कडांची संख्या बदलते आणि बांधलेली कड सापडत नाही. वेब किंवा फ्लँजची जाडी हवी असेल तर ती एफटीपीएल फंक्शनने मेन पार्टच्या प्रोफाइलमधून वाचा आणि सेंटर किंवा बाउंड्री प्लेनपासूनच्या अंतरात वापरा.

प्लेटच्या चारही कडा कॉलमच्या बाउंड्री प्लेनपासून एका अंतराने बांधा. 75 मिमी धरलं तर आयएसएमबी 300 ला, फ्लँज 140, प्लेट 450 बाय 290 येते. 500 बाय 200 च्या कॉलमला तीच आपोआप 650 बाय 350 होते. बोल्टची जागा कॉलमपासून न मोजता प्लेटच्या कडेपासून मोजा, म्हणजे कडेचं अंतर हातात राहतं. आयएस 800:2007 या स्टील बांधकामाच्या मानकाप्रमाणे ते भोकाच्या व्यासाच्या किमान 1.5 पट लागतं, हाताने गॅस कटिंग केलेल्या किंवा शिअर केलेल्या कडेला 1.7 पट. 24 मिमी बोल्टला 26 मिमी भोक असेल तर 1.7 पट म्हणजे 44.2, घ्या 45. अँकर बोल्ट बसवायला सोपं जावं म्हणून भोक मोठं ठेवत असाल तर हिशेब त्या मोठ्या भोकावर करा. लहान शॉपमध्ये प्लेट हातानेच कापली जाते, म्हणून सूत्रात 1.7 च ठेवावं असं आमचं मत आहे. गसेटच्या आतल्या कोपऱ्याला 15 ते 20 मिमीची छाट द्यायला विसरू नका, नाहीतर ती कॉलम आणि प्लेटच्या वेल्डवर चढते आणि फिटर ती ग्राइंडरने वेडीवाकडी उडवतो.

अंतरांचे व्हेरिएबल आपोआप तयार करून घेतले तर डझनावारी येतात. त्यातले प्लेटची जाडी, बाहेर निघालेला भाग, गसेटची उंची आणि जाडी, बोल्टचा व्यास एवढेच डायलॉगमध्ये दिसू द्या आणि त्यांना समजेल अशी नावं द्या. बाकीचे 'हाइड'. मग आयएसएमबी 200, आयएसएमबी 300 आणि वेल्डेड 500 अशा तीन कॉलमवर लावून पाहा, त्यातला एक कॉलम 90 अंशांत फिरवून. तिन्हीवर बरोबर बसली की कॅटलॉगमधून यूईएल फाइल एक्स्पोर्ट करून ऑफिसच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवा.

प्रश्न : आयएसएमबी 250 ची फॅमिली काढली. आकारमानावरून वजन मीटरला 36.7 किलो येतं, तक्त्यात 37.3 आहे. कुठे चुकलं? शिवाय सगळे सेक्शन एका फाइलीतून कसे आणायचे? (फॅब्रिकेटर, जालना)

तुमचं चुकलेलं नाही. दोन फ्लँज 125 बाय 12.5, म्हणजे 3125 चौ. मिमी. वेब 225 बाय 6.9, म्हणजे 1552.5. बेरीज 4677.5, तिला 7850 घनता लावली की 36.7 किलो. उरलेला फरक वेब आणि फ्लँजच्या मुळाशी असलेल्या गोलाईचा आहे, ती तुम्ही काढलेली नाही. गोलाई काढू शकता, पण शेकडो बीम असले की मॉडेल जड होतं. त्याऐवजी 'किलो प्रति मीटर' हा टाइप पॅरामीटर ठेवून त्यात तक्त्यातला आकडा भरा आणि शेड्यूलमध्ये लांबीने गुणा. हा पॅरामीटर शेअर्ड पॅरामीटरच असला पाहिजे, साधा फॅमिली पॅरामीटर शेड्यूलमध्ये येत नाही. आयएसएमबीच्या फ्लँजची आतली बाजू उतरती असते हेही ध्यानात ठेवा. मॉडेलमध्ये ती सपाट दाखवली तरी बोल्टच्या यादीत टेपर वॉशर धरावेच लागतात.

सगळे सेक्शन एकत्र आणायला टाइप कॅटलॉग करा. फॅमिलीच्याच नावाची, त्याच फोल्डरमध्ये ठेवलेली टीएक्सटी फाइल. पहिली ओळ स्वल्पविरामाने सुरू होते, कारण पहिला रकाना टाइपच्या नावाचा असतो. त्यानंतर लांबीच्या प्रत्येक पॅरामीटरसाठी त्याचं नाव, दोन हॅश, लेंग्थ, दोन हॅश, मिलिमीटर्स. नावातली लहान-मोठी अक्षरं फॅमिलीतल्यासारखी हुबेहूब हवीत. लोड करताना यादी उघडलीच नाही तर फाइलचं नाव तपासा. विंडोज एक्स्टेंशन लपवतं, त्यामुळे बरेचदा टीएक्सटी दोनदा लागलेलं असतं.

प्रश्न : शेडच्या निमुळत्या राफ्टरची (छताच्या तिरप्या मुख्य बीमची) फॅमिली रेव्हिटमध्ये कशी करावी? (शेंद्रा)

वरचा फ्लँज सरळ ठेवा, कारण पर्लिन (छताचे पत्रे पेलणारे आडवे बीम) त्यावर बसतात. निमुळतेपणा सगळा खालच्या बाजूला. बीमच्या टेम्प्लेटमधला तयार आकार काढून टाका आणि फ्रंट एलिव्हेशनमध्ये तीन स्वतंत्र एक्स्ट्रूजन करा : वेब, वरचा फ्लँज, खालचा फ्लँज. वेबची दोन्ही टोकं मेंबर लेफ्ट आणि मेंबर राइट या प्लेनना लॉक करा. टेम्प्लेटच्या अगदी बाहेरच्या लेफ्ट-राइटला केलीत तर कॉलमशी जोड येतो तिथे कटबॅक (बीमचं टोक मागे घेणं) लागू होत नाही. दोन टोकांच्या खोलीला दोन वेगळे पॅरामीटर द्या. एका राफ्टरचं वजन हाताने ताडून पाहा. 6 मीटर लांबी, वेब 6 मिमी जाड आणि 700 वरून 400 वर उतरणारी, फ्लँज 180 बाय 10 असेल तर वेब 155 किलो आणि फ्लँज 170 किलो, एकूण सव्वातीनशे. सगळीकडे 700 धरलं असतं तर 42 किलो जास्त दिसले असते, आणि कोटेशनमध्ये तेच गेले असते.

प्रश्न : स्वतः केलेला कॉलम प्रोजेक्टमध्ये वरच्या मजल्यापर्यंत जात नाही, फॅमिलीतल्या उंचीवरच थांबतो. (लातूर)

माथा अपर रेफ लेव्हलला आणि तळ लोअर रेफ लेव्हलला अलाइन करून दोन्हीकडे कुलूप लावा. उंचीचा वेगळा पॅरामीटर केला असेल तर काढून टाका. कॉलमची उंची प्रोजेक्टमधल्या लेव्हलवरून येते, फॅमिलीतून नव्हे.

प्रश्न : मित्राने पाठवलेली फॅमिली माझ्याकडच्या जुन्या रेव्हिटमध्ये उघडत नाही. (विद्यार्थी, परभणी)

उघडणार नाही. रेव्हिट मागच्या आवृत्तीत सेव्ह करत नाही. आयएफसी या देवाणघेवाणीच्या फाइल-प्रकारातून आणलीत तर आकार येतो, पण पॅरामीटर येत नाहीत. मित्राकडून रेफरन्स प्लेन आणि पॅरामीटर दिसतील असे एलिव्हेशन आणि फॅमिली टाइप्सचे स्क्रीनशॉट मागवा आणि तुमच्या आवृत्तीत नव्याने बांधा. यापुढे दोघांत देवाणघेवाण करायची असेल तर मूळ फॅमिली दोघांपैकी जुन्या आवृत्तीतच करा.