वाचकांचे प्रश्न : लाँच लिमिटर किती आरपीएमवर ठेवावा?

प्रश्न : माझ्याकडे टर्बो पेट्रोल इंजिनाची, पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक आहे. ड्रॅग शर्यतीसाठी (उभ्या गाडीने सुटून सरळ रेषेत लावायच्या छोट्या शर्यतीसाठी) तिच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, लाँच रेव्ह लिमिटर घालून घेतला आणि तो ५,००० आरपीएमवर (मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर) लावला. मात्र सुटताना चाके जागच्या जागी फिरतात आणि वेळ पूर्वीपेक्षा वाईट येते. मित्र आकडा आणखी वाढवायला सांगतात. काय करावे?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आकडा वाढवू नये, उतरवावा. क्लच दाबलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी इंजिन ठरलेल्या आरपीएमवर धरून ठेवणे, म्हणजे प्रत्येक वेळी गाडी एकाच स्थितीतून सुटेल याची सोय करणे, हे या लिमिटरचे काम आहे. फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकात, साठणारी ऊर्जा आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ४,००० ऐवजी ५,००० वर क्लच सोडला, तर दीडपटीहून अधिक ऊर्जा एका क्षणात क्लच आणि टायरवर येते. त्यातच गाडी सुटताना वजन मागे झुकते आणि तुमची चालवणारी चाके नेमकी त्याच वेळी हलकी होतात.

३,५०० पासून सुरुवात करा, दर वेळी दोन-अडीचशेने वाढवा आणि पहिल्या ६० फुटांची वेळ वहीत लिहा. टायरमधील हवेचा दाब आणि धावपट्टी किती तापली होती, हेही शेजारी नोंदवा. ही वेळ सुधारायची थांबली की आकडा सापडला असे समजावे. दुपारच्या उन्हात मिळालेला आकडा सकाळी चालेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांकडून राहून जाते, ती म्हणजे क्लच पेडलच्या स्विचची जागा. पेडल तळापासून जरा उचलताच स्विच सुटत असेल, तर क्लच पकड घेण्याआधीच लिमिटर निघून जातो, इंजिन मोकळे धावते आणि तुम्ही लावलेल्या ५,००० ऐवजी प्रत्यक्षात ६,००० वर गाडी सुटते. तुमच्या बाबतीत मला हाच संशय अधिक वाटतो, म्हणून आकड्याला हात लावण्यापूर्वी, क्लच पकड घेऊ लागतो त्याच ठिकाणी स्विच सुटेल अशी त्याची जागा बदलून घ्यावी.

हे प्रयोग हिंजवडीच्या किंवा बाह्यवळणाच्या रिकाम्या रस्त्यावर रात्री करू नयेत, ही कळकळीची विनंती आहे. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवानगी शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तुमच्या प्रयोगाची कल्पना नसते. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. तशा बंदिस्त जागेची वाट पाहावी.

टर्बो इंजिनात लिमिटर ठिणगी उशिरा देतो, तेव्हा उशिरा जळणारे तप्त वायू टर्बाइन फिरवत ठेवतात आणि गाडी उभी असतानाच बूस्ट, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा दाब, तयार होतो. फायदा खरा आहे, परंतु एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि टर्बाइन त्याच वेळी अतिशय तापतात. ठिणगी पूर्ण तोडली तर न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये पेटते. तो फटाक्यासारखा आवाज अनेकांना आवडतो, पण त्यात धुरातले प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळू शकतो. म्हणून गाडी रेषेवर पूर्ण लागल्यानंतरच अ‍ॅक्सिलरेटर दाबावा, लिमिटरवर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नये आणि दोन धावांमध्ये इंजिनाला निवायला वेळ द्यावा.