कोर्स अर्धवट सुटला, मग?

सांगलीहून बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याचं पत्र आहे: ‘ऑनलाइन नऊ कोर्स सुरू केले, पूर्ण झाला एकच. बाबा म्हणतात, ही धरसोड. सर्टिफिकेट नसेल तर शिकलेलं वाया गेलं का?’

वाया गेलं नाही. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवरच्या हार्वर्ड आणि एमआयटीच्या कोर्सेसचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे जेमतेम ३.१३ टक्के. पैसे भरून प्रमाणपत्राची वाट धरलेल्यांत मात्र ४६ टक्के. फुकट नावनोंदणी एका क्लिकची असते. तिला प्रवेश घेणं म्हणता येत नाही, हे बाबांना सांग.

पण या आकड्याआड लपू नकोस. मला जाणून घ्यायचंय ते वेगळंच: प्रत्येक कोर्स नेमका कुठे सुटला? उदाहरणार्थ, हार्वर्डचा सीएस५० हा कॉम्प्युटर सायन्सची ओळख करून देणारा कोर्स. चौथ्या आठवड्यात मेमरी आणि पॉइंटर्स (मेमरीतले पत्ते) येतात, घाम फुटतो. तिथून पळाला असशील तर परत जा, कारण पाचव्या आठवड्यातली डेटा स्ट्रक्चर्स (माहिती रचून ठेवायच्या पद्धती) त्यावरच उभी आहेत. याउलट, फक्त एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) हवं होतं म्हणून तेवढाच सातवा आठवडा केलास, कोरी फाइल उघडून, कुठेही न बघता क्वेरी लिहिता आल्या आणि थांबलास, तर काहीही बिघडलं नाही. (व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, त्यावर विसंबू नये.)

‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरच्या एनपीटेलच्या (आयआयटी वगैरे संस्थांच्या उपक्रमाच्या) कोर्सचं गणित निराळं. शिकणं फुकट, पण प्रमाणपत्रासाठी फी भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. साधारणपणे असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण. त्यात किमान १० आणि ३० हवेत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयं’वरून करण्याची मुभा विद्यापीठं देऊ शकतात. तुझं कॉलेज कोणत्या कोर्सचं क्रेडिट (पदवीसाठीचे श्रेयांक) धरतं, हे नोंदणीआधीच विभागप्रमुखांना विचार. क्रेडिटसाठी घेतलेला कोर्स मात्र शेवटपर्यंत न्यायचाच. अर्धवटाला तिथे शून्य किंमत.

रेझ्युमेवर अर्धवट कोर्सची यादी देऊ नकोस. त्यातून केलेला छोटा प्रोजेक्ट गिटहबवर (कोड ठेवायच्या वेबसाइटवर) ठेव, तो कसा चालतो हे दोन ओळींत लिही. मुलाखतीत प्रश्न त्यावरच येऊ देत.

उरलेल्या आठांपैकी ज्यातून पुढच्या महिन्यात काही बनवणार आहेस तो एक ठेव. बाकीच्यांतून सरळ नाव काढून टाक, रिमाइंडरचे ईमेल तरी थांबतील.